घोडं नेमकं कुठं पेंड खातंय? (पेन्सिल रेखाटन, मदत हवी)

अर्धाकच्चा (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. आठेक महिने झाले, रोज संध्याकाळी तासभर पेन्सिल घेऊन बसतो. फुलदाण्या झाल्या, हात झाले, जुन्या चपला झाल्या. आता जरा मोठी उडी मारली. एका जुन्या कृष्णधवल फोटोवरून नांगर ओढणारा घोडा आणि मागे नांगर धरलेला माणूस. ए३ कागद, २एच ते ६बी पेन्सिली, नऊ बैठका. चित्र वर जोडलंय.

अडचण अशी की घोडा घोड्यासारखा दिसतोय. मापं चुकलेली नाहीत, चौकटी आखून फोटोशी ताडून पाहिलीत. पण तो नांगर ओढत नाहीये. फेरफटका मारायला निघालाय आणि मागे कुणीतरी नांगर बांधलाय हे त्याच्या गावीही नाही, असं वाटतं. बायकोला दाखवलं तर म्हणाली, "छान आहे. पण नांगर त्याचा वाटत नाही, सांभाळायला दिलेला वाटतो."

तर घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते सांगा. स्पष्ट बोललात तरी चालेल. फक्त पोटाबद्दल जरा जपून. तिथे तीनदा खोडलंय आणि कागदाचा टीपकागद झालाय.

शाईचा_डाग
पहिला! घोडा मस्तच आहे हो. मी काढला की नेहमी कुत्रा होतो. मोठा कुत्रा, पण कुत्राच.

खडूफळा
साखळ्या बघा. गळ्यातल्या कॉलरपासून नांगराकडे जाणाऱ्या साखळ्या तुमच्या चित्रात कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या झोळ खातायत. ओझं ओढणाऱ्या साखळीला झोळ नसतो. पट्टी ठेवून मारलेल्या रेघेसारखी सरळ हवी. कॉलरला साखळी जिथे अडकते तिथून जमिनीखाली फाळ जिथे माती कापतो तिथपर्यंत, एकच तिरकी रेघ. चित्रातली सगळ्यात महत्त्वाची रेघ ही, आणि नेमकी हीच तुम्ही सगळ्यात फिकी काढलीत.

अर्धाकच्चा
खडूफळा, मुद्दा पटला. पण गंमत म्हणजे फोटोतही झोळ आहे! मी आहे तसाच उतरवला.

खडूफळा
मग फोटो खोटं बोलतोय.

शिसपेन्सिल
फोटो कसा खोटं बोलेल? चित्र चुकलं की फोटोला नावं ठेवायची ही चांगली सोय आहे. मला तर शेडिंगचा घोळ वाटतो. सगळा घोडा एकाच करड्या रंगात आहे. उजेड कुठून येतोय ते कळत नाही, म्हणून वजन जाणवत नाही. पोटाखाली, मांड्यांच्या आत, कॉलरच्या खाली गडद करा. ६बी दाबून चालवा.

तिरकी_रेघ
६बी दाबून चालवू नका, कृपया! ग्रॅफाइट दाबलं की काळं होत नाही, चमकतं. बाजूने बघितलं की घोड्याला पॉलिश मारल्यासारखं दिसेल. हलक्या हाताने थरावर थर द्या, आणि अगदी काळा भाग हवा तिथे कोळशाची नाहीतर कार्बनची पेन्सिल वापरा. तीही आधी. ग्रॅफाइटच्या गुळगुळीत थरावर कोळसा धरत नाही, घसरतो.

अवांतर: शिसपेन्सिल, तुमच्या नावात शिसं आहे, पेन्सिलीत नसतं.

शिसपेन्सिल
माहीत आहे, आयडी घेतला तेव्हा 'ग्रॅफाइटपेन्सिल' लांब वाटलं.

मोजपट्टी
अवांतर सुरूच झालंय तर: ग्रॅफाइट सापडलं तेव्हा लोकांना ते शिशाचाच एक प्रकार वाटलं, नाव तिथून चिकटलं. आणि हे २एच, एचबी, ६बी वगैरे प्रकरण शक्य झालं ते निकोला-जॅक काँते या फ्रेंच माणसामुळे. इंग्लंडशी युद्ध, तिकडचं शुद्ध ग्रॅफाइट मिळेना. म्हणून त्याने हलक्या ग्रॅफाइटची पूड चिकणमातीत मळून भट्टीत भाजली. हे १७९५ चं. माती जास्त तर पेन्सिल कडक, माती कमी तर मऊ आणि काळी. म्हणजे नांगरलेली जमीन काढायला तुम्ही मातीच वापरताय.

शाईचा_डाग
मोजपट्टी, शेवटचं वाक्य लिहायला मिळावं म्हणून बाकीचं लिहिलंत ना? खरं सांगा.

मोजपट्टी
हो.

खुराचा_डॉक्टर
पेशाने पशुवैद्य आहे, चित्रातलं ओ की ठो कळत नाही. पण घोड्याबद्दल दोन शब्द.

पाय बघितले. चारही खूर जमिनीवर सपाट टेकलेत. घोडा पावली चालीने चालतो तेव्हा एका वेळी दोन किंवा तीन पाय जमिनीवर असतात, चार कधीच नसतात. क्रम असा: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. चार वेगळे ठोके पडतात. चारही पाय टेकलेला घोडा उभा असतो, किंवा फार तर सुटायच्या बेतात असतो. तुमचा तर आरामात उभा आहे, एक कान मागे वळवून.

म्हणजे खडूफळा म्हणतात ते बरोबर. फोटोत घोडा ओढतच नसणार. थांबवून काढलेला फोटो आहे.

अर्धाकच्चा
आत्ता फोटो मोठा करून बघितला. चारही पाय टेकलेले. आणि माणूस थेट कॅमेऱ्याकडे बघतोय. मी त्याला टोपीच्या सावलीत घालून टाकलं होतं कारण चेहरा जमत नव्हता.

नऊ बैठका मी एका उभ्या घोड्याला चालवत होतो.

खडूफळा
:)

तिरकी_रेघ
वाईट वाटून घेऊ नका. त्या काळच्या प्लेटा मंद होत्या, हललं की धूसर. "थांब जरा, असाच उभा राहा" म्हणून काढलेले कामाचे फोटो ढिगाने आहेत. कुऱ्हाड उगारून गोठलेले लाकूडतोडे, विळा धरून कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या बाया. आपण ते 'काम करतानाचे' फोटो समजतो. मापं तुम्ही चोख घेतलीत, म्हणूनच उभा घोडा चोख उभा आला. वाईट नक्कल केली असतीत तर कदाचित चालायला लागला असता.

उगाचच
मी म्हणतो फोटोवरून काढायचंच कशाला? जिवंत घोडा बघा.

शाईचा_डाग
हो, खिडकी उघडली की समोरच बांधलेला असतो.

गवतफुला
उगाचच यांचं म्हणणं अगदीच उगाच नाही. रोझा बाँअर या फ्रेंच चित्रकर्तीचं 'घोडेबाजार' नावाचं चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, जवळपास पाच मीटर रुंद. त्यातले ओझ्याचे घोडे पाहून मी बाकावर बसूनच राहिले होते. पुठ्ठे असे की आपल्या अंगावर येतील. त्यासाठी ती दीड वर्ष आठवड्यातून दोनदा पॅरिसच्या घोडेबाजारात जाऊन रेखाटनं करत होती, तीही पुरुषी वेशात, कुणी त्रास देऊ नये म्हणून. अशा कपड्यांसाठी तेव्हा पोलिसांची परवानगी लागायची. नांगरणीचंही तिचं १८४९ चं मोठं चित्र आहे, पण त्यात बैल आहेत. त्या बैलांच्या मानेखालच्या पोळीला पडलेल्या घड्या बघा. जोर तिथे दिसतो.

आणि तिच्या आधी जॉर्ज स्टब्स, इंग्रज चित्रकार. या पठ्ठ्याने एका शेतघरात अठरा महिने मेलेले घोडे टांगून, कातडीपासून हाडापर्यंत एकेक थर सोलत रेखाटनं केली. ती १७६६ मध्ये छापली. वास काय सुटला असेल, कल्पना करा.

शाईचा_डाग
अर्धाकच्चा, वहिनींना विचारून बघा, स्टब्स पद्धत चालेल का.

अर्धाकच्चा
घरात कोळशाची पेन्सिलच चालत नाही, पडद्यांना लागते.

मोजपट्टी
घोड्याच्या पायांबद्दल मोठमोठे फसलेत, तुम्ही एकटे नाही. जेरिकोने १८२१ मध्ये एप्समच्या शर्यतीचं चित्र काढलं त्यात सगळे घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे फेकून हवेत तरंगतायत. शेकडो वर्षं सगळे तसंच काढत होते. मग १८७८ मध्ये माइब्रिजने ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याचे फोटो घेतले आणि दिसलं की चारही पाय हवेत असतात खरे, पण तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. पसरलेले नसतात.

शिसपेन्सिल
म्हणजे तिथे फोटो खरं बोलला आणि चित्रकार खोटं. इथे उलटं. मी माझं मत मागे घेतो, अर्धं.

रुमणं
बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं ते या धाग्यासाठी. जुन्या पद्धतीने घोड्यांनी नांगरणी करणाऱ्या एका शेतावर मी दोन हंगाम राबलोय. दिवसभर घोड्याचा पुठ्ठा बघत चाललेला माणूस आहे, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

घोडा ओढतो असं आपण म्हणतो, पण तो ढकलतो. कॉलर म्हणजे गवताने गच्च भरलेली जाड चामड्याची गादी, ती खांद्यांवर बसते. घोडा त्या गादीत छातीने रेलतो. नुसता गळ्याभोवती पट्टा असता तर जोर लावला की श्वास कोंडला असता. कॉलरमुळे वजन खांद्यांच्या हाडांवर येतं आणि गळा मोकळा राहतो. त्यामुळे काढायचं ते हे: अंग कॉलरच्या पुढे जायला बघतंय आणि कॉलर जाऊ देत नाहीये. कॉलरच्या मागे कातडीला बारीक चुण्या पडतात. तुमच्या चित्रात कॉलर गळ्यात घातलेल्या हारासारखी लोंबतेय.

दुसरं, डोकं. रिकामा घोडा मान वर ठेवतो. ओझं लागलं की मान खाली आणि पुढे जाते, प्रत्येक पावलाला डोकं किंचित हलतं. पुठ्ठा खाली बसतो, मागचे पाय अंगाखाली येतात आणि खुराचं टोक मातीत रुततं. मागच्या पायाचा खूर सपाट काढू नका. टोक रुतलेलं आणि टाच उचललेली काढा, एवढ्यानेच निम्मं काम होईल.

तिसरं कुणी काढत नाही, पण मला सगळ्यात आधी आठवतं ते. घाम. तासाभराने कॉलरच्या कडेला आणि जिथे साखळ्या कुशीला घासतात तिथे पांढरा फेस येतो, साबणासारखा. संध्याकाळी कॉलर उतरवली की खाली कॉलरच्या आकाराचा ओला डाग. मालक रोज त्या डागावर हात फिरवून बघायचा. सगळीकडे सारखं ओलं असलं तर ठीक. मध्येच तळहाताएवढा कोरडा भाग लागला की चेहरा पडायचा, कारण तिथे कॉलर रुततेय, दोन दिवसांत फोड येणार. मग तो घोडा दुसऱ्या दिवशी सुट्टीवर. मला सुट्टी नव्हती.

खुराचा_डॉक्टर
रुमणं, झकास. थोडी शरीरशास्त्राची जोड देतो. घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं. पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेलेच नाहीत, धड दोन पायांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेलं असतं. म्हणून कॉलरमध्ये रेलला की छाती खांद्यांच्या मधून थोडी पुढे-खाली सरकते. आणि एरवी उभ्या घोड्याचं साठेक टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. ओढताना ते मागे सरकतं. उभा आणि ओढणारा यांतला फरक तोच.

आणखी एक. तुम्ही मागच्या पायाला 'गुडघा' काढलाय तो आपल्या हिशेबाने घोटा-टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाच्या कातडीजवळ. पुढच्या पायाचा 'गुडघा' म्हणजे मनगट. घोडा बोटाच्या नखावर चालतो हे एकदा डोक्यात बसलं की पाय चुकत नाहीत.

शाईचा_डाग
माझा कुत्रा का होत होता ते कळलं.

उगाचच
एक घोडा म्हणजे एक हॉर्सपॉवर ना? म्हणजे स्कूटरपेक्षा कमी. एवढा काय जोर.

मोजपट्टी
इथेच फसगत होते. अश्वशक्ती जेम्स वॅटने ठरवली, वाफेचं इंजिन विकताना गिऱ्हाइकाला "तुझ्या इतक्या घोड्यांचं काम करेल" असं सांगता यावं म्हणून. मिनिटाला ३३,००० फूट-पौंड, म्हणजे साधारण ७४६ वॅट. ही तासन् तास टिकणाऱ्या कामाची गोष्ट झाली. चिखलात रुतलेलं चाक काढताना घोडा चार क्षण याच्या कितीतरी पट जोर लावतो. दिवसभराच्या कामाला मात्र जुना ठोकताळा आहे की वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढी ओढ लावावी. हजार किलोच्या घोड्याला शंभर किलोची ओढ.

आता चालण्याचा हिशेब बघा. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. नांगराचं तास, म्हणजे नांगरामागे पडणारा चर, नऊ इंच रुंद धरलं तर एक एकर नांगरायला ५८,०८० फूट चालावं लागतं. बरोब्बर अकरा मैल, पावणेअठरा किलोमीटर. बांधाशी वळायचं ते वेगळं.

रुमणं
हिशेब कागदावर बरोबर आहे. पायाला तो पंचवीस वाटतो.

काळवंडलेला_कागद
सगळं वाचलं. माहिती छान, पण एक खटकतं. आपण शहरात, पंख्याखाली बसून या सगळ्याची 'सुंदर' चित्रं काढतो. सोनेरी संध्याकाळ, थकलेला शेतकरी, इमानी घोडा. त्या घोड्याच्या खांद्यावरचा फोड कुणी काढत नाही. कष्ट करणाऱ्याला त्यात काय सौंदर्य दिसत असेल, देव जाणे. भिंतीवर लावायला दुसऱ्याचा घाम बरा दिसतो.

गवतफुला
मग काढायचंच नाही का? न काढल्याने फोड बरा होतो?

काळवंडलेला_कागद
तसं म्हटलं नाही. काढा, पण गोड करू नका एवढंच.

रुमणं
काळवंडलेला_कागद, तुमचा राग समजतो, पण "सौंदर्य दिसत असेल का" याला माझ्यापुरतं उत्तर आहे. दिसायचं. नांगर नीट लावलेला असला की दांड्यांना फक्त बोटं टेकवून चालता येतं, तो आपणहून चालतो. ओली माती फाळावरून उलटते तेव्हा कापलेली बाजू चकाकते, आरशासारखी, आणि दोन मिनिटांत वाऱ्याने मळकट होते. त्याच वेळी माझी पाठ मोडलेली असायची आणि मालकाला मनात शिव्या चालू असायच्या. दोन्ही एकदमच असायचं. तेव्हा फोड काढा आणि चकाकणारी मातीही काढा, काहीच खोटं नाही.

तिरकी_रेघ
ब्रूगलच्या नावावर असलेलं ते इकॅरसचं चित्र आठवलं, ब्रसेल्समध्ये आहे. आकाशातून पडलेला पोरगा कोपऱ्यात पाण्यात बुडतोय, त्याचे फक्त दोन पाय दिसतात, तेही शोधावे लागतात. आणि पुढे, सगळ्यात मोठा, कोण? नांगर धरलेला माणूस आणि त्याचा घोडा. मान खाली घालून तास ओढतायत. गोडही नाही, केविलवाणंही नाही. मला कामाचं सगळ्यात खरं चित्र तेच वाटतं.

मोजपट्टी
ते चित्र ब्रूगलच्या हातचं की हरवलेल्या मूळ चित्राची नक्कल, यावर वाद आहे. पण घोडा खरा आहे, मान्य.

रुमणं
अर्धाकच्चा, एक विचारायचं राहिलं. तुमच्या चित्रात माती डावीकडे उलटतेय. फोटोतही तसंच आहे का? साध्या नांगराची पाटी, म्हणजे माती उलटवणारा भाग, माती उजवीकडे टाकते. जोडी असली तर उजवा घोडा आधीच्या तासात, म्हणजे वीतभर खाली चालतो आणि डावा न नांगरलेल्या जमिनीवर. तुमचा एकच घोडा आहे, पण नांगरलेलं रान डाव्या हाताला दिसतंय.

शिसपेन्सिल
डावीकडे माती टाकणारे नांगरही असतात. दोन्हीकडे फिरवता येणारेही असतात. लगेच चूक म्हणू नका.

रुमणं
असतात, मान्य. म्हणून तर विचारतोय.

गवतफुला
माणसाच्या बंडीची बटणं बघा! पुरुषांच्या कपड्याला बटणं त्याच्या उजव्या हाताला असतात. चित्रात डावीकडे आहेत.

अर्धाकच्चा
पकडला गेलो. मोबाइलवर फोटो उलटा करून घेतला होता. मूळ फोटोत घोडा उजवीकडून डावीकडे जातो, मला डावीकडून उजवीकडे हवा होता. वाचायची सवय तशी, म्हणून तसा पुढे जातोय असं वाटतं. बटणं बघून कुणी ओळखेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

शाईचा_डाग
चेहरा सावलीत, फोटो उलटा, घोडा उभा. हे चित्र नाही, पंचनामा आहे.

खडूफळा
उलटं करणं गुन्हा नाही, पण मग पाटी, माती आणि बटणं हाताने पुन्हा सुलटी करावी लागतात. घोड्याला डावं-उजवं सारखंच, नांगराला नाही.

अर्धाकच्चा
मंडळी, या रविवारी नव्याने सुरुवात करतोय. नवा कागद, जुन्याचं पोट गेलं ते गेलं. फोटो समोर ठेवणार नाही, फक्त कॉलर आणि नांगराच्या जोडणीसाठी बघेन. आधी ती एक तिरकी रेघ पट्टीने, मग तिच्यावर घोडा टांगणार. सर्वांचे मनापासून आभार.

जुनाट_वही
वाट बघतोय. खूर सोपे करायचे असतील तर पायाला लांब झुपकेदार केस असलेल्या जातीचा काढा, शायर किंवा क्लाइड्सडेल. अर्धा खूर केसांत लपतो. सफोक पंच काढलात तर सुटका नाही, त्याचे पाय सडे. चिकण जमिनीत केसांना गोळे चिकटू नयेत म्हणून तशीच जात राखली गेली.

तिरकी_रेघ
केस सोपे वाटतात तुम्हाला? बसा काढायला.

जुनाट_वही
मी म्हटलं सोपे, सुंदर नाही म्हटलं.

अर्धाकच्चा
तीन आठवड्यांनी परत आलोय. दुसरं चित्र जोडलंय. काय काय बदललं ते सांगतो. साखळी सरळ. मागचा डावा खूर टोकावर, त्याच्यामागे उडालेला मातीचा खडा. मान खाली. डोळा काढावा लागला नाही कारण झापडं लावली (ही पळवाट नाही, कामाच्या घोड्याला असतात!). कॉलरच्या कडेला फेस, तो रंगाने नाही, कागद कोरा सोडून. आणि कॉलरमागे तीन चुण्या. त्या तीन रेघांना एक अख्खी संध्याकाळ गेली, पण तिसरी पडली आणि घोडा एकदम जड झाला. हातातली पेन्सिल खाली ठेवून मी दोन मिनिटं नुसता बघत बसलो.

खुराचा_डॉक्टर
तीन पाय जमिनीवर, एक उचललेला. मागचा उजवा थोडा पुढे घ्यायला हवा होता, पण चालतोय. तब्येत ठणठणीत!

काळवंडलेला_कागद
कॉलरखाली एक छोटा डाग दिसतोय. फोड?

अर्धाकच्चा
हो. तुमच्यासाठी नाही काढला, आधी चुकून पेन्सिल घसरली होती. मग राहू दिला.

रुमणं
घोडा पटला. साखळीचा टोकाचा दुवा थोडा ढिला दिसतो, पण त्यावरून भांडणार नाही.

चाळीस_पानी
वरातीमागून घोडं माझं, धागा आत्ता वाचला. दोन्ही चित्रं शेजारी उघडून बघतोय. मूळ प्रश्न होता की घोडा ओढताना दिसत नाही. तो सुटला, दुसऱ्यात घोडा जीव तोडून ओढतोय. पण त्यामागचा माणूस बघा. पाठ ताठ, दोन्ही पाय एका रेषेत, मान वळवून आपल्याकडे बघतोय. पहिल्या चित्रातून तसाच उचलून आणलात ना?

अर्धाकच्चा
माणूस फोटोवरूनच काढला. घोड्यातच तीन आठवडे गेले.

रुमणं
त्याचा उजवा पाय तासात घाला, वीतभर खाली. म्हणजे एक खांदा आपोआप पडेल. नजर पुढे, रानाच्या टोकावर ठेवलेल्या खुणेवर. मागे बघितलं की तास वाकडं जातं, आणि त्यावरून आयुष्यभर चेष्टा होते.

शाईचा_डाग
म्हणजे आता घोडा कामाला लागला आणि माणूस फेरफटका मारतोय.

अर्धाकच्चा
वहिनी तुमच्या अगदी हेच म्हणाल्या. कागद काढलाय. पेन्सिलीला टोक करतोय.